बाई मार्ग वाचतात तेव्हा

आमच्या सायकल मंडळाचं वार्षिक संमेलन २ फेब्रुवारीच्या जवळच्या रविवारी असतं. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर इथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून जगभर हा पाणथळ दिन. तारीख बाईंनी सुचवली होती. आपली खडीची वाट दलदलीतून जाते, तर संमेलनही तिच्याच दिवशी हवं, एवढंच त्या म्हणाल्या. कोणी वाद घातला नाही.

बाई म्हणजे आमच्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. मंडळात त्यांचे विद्यार्थी दोन-तीनच असतील, पण बाई सगळ्यांच्याच.

सकाळी साठ किलोमीटरची फेरी, दुपारी सभागृह. स्वागत, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी हे नेमाने होतं आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अध्यक्षांचं भाषण मात्र मी मन लावून ऐकतो. ते दर वर्षी १९९७ची गोष्ट सांगतात. इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या पांढऱ्या मातीच्या वाटांवर डांबर चढत चाललं होतं. त्या वाटा राहाव्यात म्हणून जियानकार्लो ब्रोची यांनी जुन्या सायकलींची फेरी काढली, लेरोइका. पहिल्या वर्षी ९२ जण आले. मग ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांवर येतात. २००६ साली तिथे दोनशे मैलांच्या खडीच्या शर्यतीला ३४ जण उभे राहिले. आज त्याच शर्यतीला जगभरातून हजारो येतात. मंडळाची हजेरीची वही नऊ वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हे आकडे ऐकताना मला दर वेळी बळ येतं.

पण मी ज्यासाठी जातो ते मार्गवाचन. जमाखर्च संपला की बाई उठतात, हातातला कागद डोळ्यांजवळ धरतात आणि सकाळी आम्ही ज्या वाटेने आलो तीच पहिल्या किलोमीटरपासून वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांच्या पिंढऱ्यांना अजून माती चिकटलेली असते.

‘शून्य ते अकरा. नदी डाव्या हाताला. वाट उंचावर आहे, कारण ती नदीनेच उंच केली आहे. पुराचं पाणी काठ ओलांडून पसरलं की त्याचा वेग पडतो. जड वाळू तिथेच, काठाशी बसते. बारीक चिकणमाती आत वाहत जाते. म्हणून काठ पक्का आणि आतली जमीन ओली. शेतातला फाटा जवळचा दिसतो. तो धरायचा नाही.’

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्या काठावरून कितीतरी वेळा गेलो होतो. चाक तिथे का गप्प चालतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुढच्या रविवारी मुद्दाम फाट्यावर उतरलो. पन्नास पावलांत टायर रुतलं.

‘अकरा ते चोवीस. उघडं मैदान, आडोसा नाही. वारा समोरून असेल तर रांगेत चला. पुढच्याने दमण्याआधी बाजूला व्हायचं, कोणी सांगायची वाट बघायची नाही. सतराव्या किलोमीटरला पन्हळी.’

पन्हळी म्हणजे पन्हळी पत्र्यासारखी उठलेली वाट, जिच्यावरून जाताना हॅन्डलबार हातात थरथरतो. एका वर्षी शेवटच्या रांगेतून एका मुलाने विचारलं, ही कोण करतं? बाई वाचन थांबवून त्याला दहा मिनिटं समजावत राहिल्या. सुटी माती किंवा बारीक खडी असली आणि तिच्यावरून चाकं ठरावीक वेगापेक्षा जोरात गेली की लाटा आपोआप उठतात. गाडीच्या स्प्रिंगचा त्यात दोष नाही. प्रयोगशाळेत वाळूवर साधं कडक चाक गोल गोल फिरवलं तरी त्या उठतात, आणि वेग कमी केला की उठत नाहीत. त्या दिवशी कार्यक्रम लांबला आणि काही जण उठून गेले. मुलगा शेवटपर्यंत बसला. आता तो कार्यकारिणीत आहे.

चोविसाव्या किलोमीटरला बाईंचा आवाज खाली येतो.

‘चोवीस ते तेहतीस. दलदल. इथे खडी जमिनीवर नुसती पसरलेली आहे. खाली शेकडो वर्षांचा पालापाचोळा साचलेला आहे. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून तो पुरता कुजलेला नाही. मधोमध चाला, वाट कडेने खचते. फळ्यांच्या पुलावर उतरा. फळ्या वाटेच्याच दिशेने लावल्या आहेत, फटीत टायर जाईल, आणि ओली फळी टायरला धरत नाही. लव्हाळ्यात काही हललं तर थांबू नका. जात राहिलात तर पक्षी बहुधा बसून राहतो. थांबलात की उठतो, आणि घरटं उघडं पडतं.’

एवढं झालं की बाई कागद खाली करून थोडा वेळ उभ्या राहतात. सभागृहात खुर्ची वाजत नाही. त्या नऊ किलोमीटरांत मी एकदाही कोणाशी बोललेलो नाही, आणि बाई वाचतात तेव्हा कळतं की आमच्यातलं कोणीच बोललेलं नसतं. दर वर्षी माझा गळा इथेच दाटतो.

पुढच्या टेकड्या त्या भराभर वाचतात. चढ चार टक्क्यांचा, एके ठिकाणी सात. सीटवर बसूनच चढा, उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते खडीत नुसतं फिरतं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. टेकड्यांचं कौतुक करायला बाकीचे आहेतच, सगळ्यांचे फोटो तिथलेच असतात.

मध्यंतरी एका वर्षी सूचना आली की दलदलीचा टप्पा सपाट आणि कंटाळवाणा आहे, तो वगळून टेकडीची आणखी एक फेरी वाढवावी. आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर मार्ग दाखवणारी फाइल, प्रत्येकाच्या फोनमध्ये असताना मार्गवाचन हवं कशाला, पाच मिनिटांत आटपावं. मी विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात आहे आणि आजही माझं तेच मत आहे. फाइल रेघ दाखवते. पाऊस पडून गेल्यावर त्या रेघेची कोणती कड धरायची हे तिला सांगता येत नाही. बाई मात्र प्रत्येक संमेलनाआधी तो मार्ग दोनदा चालत जातात, एकदा सुक्यात आणि एकदा ओल्यात. चालत.

मार्गवाचनानंतर मनोगतं. त्यातलं एक मला फार जवळचं आहे. फेरीआधी आठवडाभर पाऊस झाला होता. पहिल्यांदाच आलेली एक मुलगी सव्विसाव्या किलोमीटरवर अडकली. चिकट माती टायर आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, यांच्या मधल्या फटीत भरत गेली आणि चाक फिरायचंच थांबलं. सायकल खांद्यावर घेऊन ती तीन किलोमीटर मागे चालली. दुपारी व्यासपीठावर येऊन ती दोनच मिनिटं बोलली. ‘मी फेरी पूर्ण केली नाही,’ ती म्हणाली, ‘पण ते तीन किलोमीटर मला सगळे आठवतात.’ अध्यक्ष उठले आणि म्हणाले, २०२३ साली कॅन्ससमध्ये चिखलाने असंच केलं होतं, भले भले शर्यतपटू सायकली उचलून चालले. टाळ्या थांबेनात.

या टाळ्या वाजवायला किती जण होते, तेही सांगतो. त्या वर्षी सकाळी सह्या ५८ आणि दुपारी सभागृहात ३१. गेल्या वर्षी सकाळी ७४, दुपारी ३६. शेवटच्या टेकडीवर फोटो काढून परस्पर घरी जाणारे आमचेच सभासद आहेत, अनोळखी नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. घरी कोणी आजारी असेल, कामाची पाळी असेल, ते मी समजतो. पण पुढच्या दोन रांगा दर वर्षी रिकाम्या, आणि बाई त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत वाचतात.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहतं त्यांच्याबद्दल. पंक्चरकाका पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन प्रत्येक टायरचं प्रेशर बघतात. डांबरी रस्त्याच्या सायकलीची सवय असलेले लोक टायर दगडासारखं कडक करून आणतात. काका काही न बोलता हवा सोडतात. चाळीस मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला साधारण दोन बार, हलक्या माणसाला त्याहूनही कमी. मग खडीवर टायर दबतं, माणूस उडत नाही. टायरचं भोक बुजवणाऱ्या सीलंट द्रवाची बाटली आणि मोठ्या भोकात घालायचे प्लग त्यांच्याच पिशवीत असतात, आणि त्याचे पैसे त्यांनी कधी मागितलेले नाहीत. शेवटच्या सायकलीमागे गाडी घेऊन येणाऱ्या वहिनींनी आजवर कोणालाही घाई केलेली नाही. दलदल संपते तिथे ब्रश आणि बादल्या घेऊन बसणारे दोघे भाऊ एका पाणथळीतलं बी दुसरीकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक चाक धुतात. मार्गाचे कागद छापून देणारी ताई, माइक सांभाळणारा दादा, खुर्च्या मांडणारी सहावी-सातवीतली चार मुलं, आणि सभागृह उघडून देणारे काका, जे कार्यक्रमभर दाराशी उभेच असतात. हिशेब ठेवणारे जुने खजिनदार दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या अक्षरातली वही आम्ही अजून वापरतो. फळ्यांच्या पुलाशी उभं राहून ‘उतरा, उतरा’ म्हणणाऱ्या दोन मैत्रिणींचे आभार गेल्या वर्षी राहून गेले होते, ते इथे मानतो.

आणि मैदानातल्या फाटकाशी उभे असणारे शेतकरी आजोबा. अकराव्या किलोमीटरनंतरची वाट त्यांच्या बांधावरून जाते. ते पहाटेच फाटक उघडतात आणि शेवटची सायकल गेल्यावरच लावतात. गुरं सोडून त्यांना दुपारी सभागृहात येता येत नाही. म्हणून बाई सकाळी गाडीतून त्यांच्या फाटकाशी उतरतात, कागद काढतात आणि त्यांच्या बांधाचे तीन किलोमीटर तिथे उभ्या उभ्या त्यांना वाचून दाखवतात. आजोबा टोपी काढून ऐकतात. गेल्या वर्षी त्यांनी बाईंना मधेच थांबवलं आणि म्हणाले, बाराव्याला आता खड्डा नाही, मी भरला. बाईंनी पेन काढून तिथेच कागदावर दुरुस्ती केली.