तळहातावरचं ग्रीस

खंडेनवमीला ऊसाच्या ट्रॉलीला झेंडूची माळ पडते, चाकांवर हळदकुंकू उमटतं, नारळ फुटतो. चाकाच्या मधल्या हबचं टोपण मात्र बंदच राहतं. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभ्या असलेल्या त्या चाकाच्या पोटात काय झालं, हे कोणी विचारत नाही.

टायर बसला तर दिसतो, हबच्या आतलं बेअरिंग बसलेलं भरल्या खेपेत, रस्त्यातच कळतं. म्हणून हंगामाआधी टोपण काढायचं. ट्रॉली रिकामी, बाकीच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता आखाखाली ठोकळे. आतलं ग्रीस काळं असेल तर घाबरू नये. ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, चंदेरी चमकलं तर लोखंड झिजतंय.

डिझेलनं धुऊन, कोरडं करून हबमधल्या कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, बॅटरी मारावी. कधी कधी ठरावीक अंतरानं काळपट रेघा दिसतात. चार महिने रोलर जिथे टेकून होते, तिथेच पाण्यानं खाल्लेलं असतं. रेघेवर नख अडलं की कप आणि कोन, म्हणजे रोलर असलेला आतला भाग, जोडीनंच बदलावेत. खडबडीत कपात नवा कोन घालणं म्हणजे पैसे वाचवल्याचं नुसतं समाधान. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. 32210 असेल तर शेवटच्या 10 ला पाचनं गुणायचं: आतला व्यास 50 मिमी.

ग्रीस-गनवर लोकांचा फार जीव. पण गनचं ग्रीस मोकळी वाट बघून पळतं, हबची पोकळी भरतं, मागचं सील ढकलून बाहेर येतं; रोलरपर्यंत पोचेलच असं नाही. त्यापेक्षा तळहात बरा. लिंबाएवढा गोळा हातावर घ्यायचा, कोनची रुंद कड त्यात दाबून ओढायची, पुन्हा दाबायची. सोऱ्यातून शेव यावी तसं ग्रीस रोलरांच्या फटींतून वर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढची फट. घाईचं काम नाही हे.

ऑइल सील दर वेळी नवीन, स्प्रिंगची बाजू आत. नट आवळताना चाक फिरवत राहावं, म्हणजे रोलर नीट बसतात. मग नट सैल सोडून पुन्हा फक्त बोटांनी टेकवायचा. नट अडवणाऱ्या पिनेचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यावा, पुढे कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. चाक वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकाच खेळ हवा.

पहिल्या खेपेला, कारखान्याच्या रांगेत नंबर लागेपर्यंत वेळच वेळ असतो. खाली उतरून चारही हबांना हात लावावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा निघाला, तर त्या एकाचा नट बहुधा जास्त आवळला गेलाय.