आमची वाटचाल : बाणेर रोडवरची मिसळ

2011 साली बाणेर रोडला गाळा घेतला. आठ टेबलं, दोन भट्ट्या आणि आईचा पाटा-वरवंटा. भाजलेलं कांदा-खोबरं आम्ही आजही पाट्यावरच वाटतो. मिक्सरमध्ये वाटण गरम होतं, वास उतरतो. पाट्याला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खरखरीत करणारा माणूस मात्र हल्ली शोधून आणावा लागतो.

2018 ला समोर कॅफे उघडला. झोपाळे, पिवळे बल्ब, फोटो काढायला निऑनची अक्षरं. मिसळही ठेवली, लाकडी ट्रेमध्ये पाच वाट्या मांडून, आमच्या तिप्पट भावात. त्याचं काही नाही, नवी जागा बघायला लोक जाणारच. पण दिवाळीच्या तोंडावर त्यांनी आमचा आचारी फोडला. सात वर्षं माझ्या हाताखाली होता, मसाल्याचं माप मी त्याला स्वतः शिकवलं होतं. ते मला आजही विसरता येत नाही.

गल्ला निम्म्यावर आला. हिच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यात मी कर्ज काढून त्यांच्यासारखे दिवे आणि फर्निचर केलं, ती माझी चूक. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी नीट ऐका: नोव्हेंबर 2017 पासून आपल्याला जीएसटी 5 टक्के आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. सजावटीवर भरलेला कर परत येत नाही. आधी सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा, दिवे नंतर.

तारलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. दर रविवारी साडेआठला, कोपऱ्यातलं टेबल, तर्री कमी, कांदा जास्त. आचारी गेल्यावर रस्सा मीच करू लागलो. पहिल्याच रविवारी म्हणाले, "आज लवंग पुढे आलीय रे." पुढच्या रविवारी खोबरं कमी भाजलेलं निघालं. त्यांच्या जिभेवर मी माप पुन्हा बसवत गेलो. सहाव्या रविवारी काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्यांदा सँपल, म्हणजे वरचा रस्सा मागितला. आत जाऊन मी ते प्रमाण वहीत लिहिलं. ती वही घरी असते.

2020 च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत टेबलं बंद होती, पार्सलवर पोरांचे पगार निघाले. समोरच्या कॅफेची पाटी तेव्हाच उतरली.

काकांना आता जिना उतरवत नाही. रविवारी नातू डबा घेऊन येतो. कांदा वेगळा बांधून देतो, जास्तच.