लॅपटॉपची गरमी, आंब्याची अढी आणि ९९ टक्के

मागच्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की उन्हाळा लागला की बॉइंक (आपला रिकामा संगणक इंटरनेटवरून वैज्ञानिक प्रकल्पांच्या हिशेबांना देणारं सॉफ्टवेअर) बंद ठेवणार. नाही ठेवलं. एप्रिलपासून मृगापर्यंत लॅपटॉप थंड ठेवायचे जे जे उपाय सुचले ते करून पाहिले, त्याचा हा हिशेब.

यंत्र तेच जुनं: आय-५ ८२५०यू, चार कोर, आठ थ्रेड (म्हणजे एका वेळी आठ कामं), कागदोपत्री १५ वॅटचा प्रोसेसर. काम आइन्स्टाइन ॲट होमचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी आणि पल्सार तारे शोधणाऱ्या प्रकल्पाचं. परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमने मार्च २०२० मध्ये नवं काम वाटणं थांबवलं तेव्हापासून मी इकडेच आहे. जागा देवगडजवळचं आमचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि लॅपटॉप माजघराच्या बाजूच्या खोलीत. हंगामात त्याच खोलीत हापूसची अढी (पेंढ्यात पिकायला ठेवलेले आंबे) घातलेली असते, आणि खरी भानगड तिथेच झाली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी खोलीत ३४ डिग्री. आठही थ्रेडवर काम चालू, चिप ९७ वर. या प्रोसेसरची मर्यादा १०० ची. तिच्या जवळ पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. म्हणजे पंखा जीव तोडून फिरतोय, खोली तापतेय आणि टास्क (प्रकल्पाने पाठवलेला कामाचा एक तुकडा) मात्र रेंगाळतेय. आई दारात येऊन म्हणाली, “ह्या तुझा डबडा कित्याक बोंबलता?” वर दुसरा आरोप असा की लॅपटॉपच्या बाजूचे आंबे आधी पिवळे पडले. तिने माझा हात धरून पेंढ्यात घातला. त्या अंगाला ऊब जास्त होती, हे मान्य. पण अढी आतून तापतेच, पिकताना फळ स्वतःच उष्णता सोडतं. लॅपटॉपच्या वाऱ्याने एवढं होईल यावर माझा अजून विश्वास नाही. पेट्या भरायच्या दिवसांत आईशी हा वाद घालण्यात मात्र शहाणपण नव्हतं.

पहिला उपाय सगळे करतात तोच: बॉइंकच्या सेटिंगमध्ये सीपीयू टाइमची (प्रोसेसर वापरायच्या वेळेची) मर्यादा ७५ टक्के. ही सेटिंग नेमकं काय करते ते आधीच वाचायला हवं होतं. प्रोसेसर हळू चालत नाही. बॉइंक तीन सेकंद पूर्ण जोमाने काम करतं, एक सेकंद थांबतं, परत तीन सेकंद. त्या एका सेकंदात चिप झपकन खाली येते आणि पुढच्या तीनमध्ये परत वर. माझ्याकडे आकडा ७४ आणि ९१ च्या मध्ये झोके घेत होता आणि पंख्याचा आवाज त्याच्या मागे वर-खाली. एकसुरी आवाजाची माणसाला सवय होते, याची होत नाही. दोन रात्रींत काढून टाकलं.

मग स्क्रू काढले. पंख्यामागच्या जाळीत धूळ बसते हे ठाऊक होतं, पण किनाऱ्यावरची धूळ उडून जाणारी नसते. खाऱ्या हवेने ती ओली होते आणि पत्र्यांच्या फटींत राखाडी लुकणासारखी घट्ट बसते. टूथब्रशने कोरून काढावी लागली. तांब्याच्या नळीवर एका जागी हिरवट डागही दिसला. नवख्यांना एक सांगतो, फुंकर मारताना किंवा ब्लोअर लावताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भिरभिरू देऊ नका, बेअरिंग जातं. नुसत्या सफाईने सात डिग्री उतरल्या, ९७ चे ९०. (दमट हवेने चिप जास्त तापते असं इथे बरेच जण मानतात. घाम वाळत नाही म्हणून उकाडा आपल्याला होतो. चिपला घाम नाही, तिला फक्त हवेचं तापमान कळतं. खारा दमटपणा तिला मारतो तो गंजाच्या वाटेने, सावकाश.)

खरा फरक पडला तो विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये. तिथे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० च्या जागी ९९ केलं. एक टक्का ऐकून हसू येतं, पण १०० च्या खाली आणताच टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर आपोआप चढायची सोय, बंद होतो. हा प्रोसेसर टर्बोत ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, मूळ वेग १.६. वेग चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे वरचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. टर्बो गेल्यावर आठही थ्रेडवर चिप ६९ ला स्थिर झाली. सात तासांची टास्क पावणेनऊ तासांवर गेली. प्लगला लावलेल्या मीटरवर ३८ वॅटचे २४ झाले. आठ टास्कच्या एका खेपेला आधी २६६ वॅट-तास लागायचे, आता २१०. काम उशिरा होतं, पण स्वस्तात होतं, आणि मुदत चांगली दोन आठवड्यांची असते, घाई कोणाला आहे? काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो, शोधावा लागतो.

दिवसा पेट्यांची बिलं करायची असतात म्हणून सीपीयूंची मर्यादाही ७५ टक्के ठेवली, म्हणजे सहा टास्क. इथे टक्के म्हणजे थ्रेडची संख्या, वेळ नव्हे; दोन्ही ओळी सेटिंगमध्ये एकाखाली एक आहेत आणि सगळे गोंधळतात.

मेच्या शेवटी गडगडाट सुरू झाला तसे दिवे जायला लागले. बॅटरीवर असताना काम थांबवायची खूण मी केलेली आहे, तरी एका संध्याकाळी लॅपटॉपने अर्धा इन्व्हर्टर पिऊन टाकला. कारण साधं: इन्व्हर्टरची वीज लॅपटॉपला लाईनचीच वाटते. बॉइंकला कळणार कसं? आता लॅपटॉप इन्व्हर्टर नसलेल्या प्लगवर लावलाय. दिवे गेले की तो बॅटरीवर जातो आणि काम आपोआप थांबतं. पंखा-दिव्याची वीज घरच्यांना पुरते.

फोनवरचा प्रयोग फसला. अँड्रॉइडवर बॅटरी ४० डिग्रीच्या वर गेली की बॉइंक थांबतं, आणि आमच्याकडे मेमध्ये चार्जिंगला लावलेला फोन ४० गाठतोच. ती मर्यादा वाढवता येते, पण बॅटरी फुगवून घ्यायची हौस नाही.

काल रात्री धो धो पाऊस, खोलीत २७, सहा टास्कवर चिप ५८. अढी उठली, पेंढा गोठ्यात गेला. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारा लेप) आणून ठेवलीय, गणपतीआधी लावतो. तेव्हा मुंबईची मंडळी आली की ही खोली जाते आणि लॅपटॉप माळ्यावर. कौलाखाली काय आकडे येतात ते पुढच्या नोंदीत.