पोपट पाळायचाय? आधी कोणता ते बघा

गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट पाळणं बेकायदेशीर आहे. पिंजरा किती मोठा, पक्षी किती माणसाळलेला, कोणी भेट दिला की विकत घेतला, याने काही फरक पडत नाही. घरात वीस वर्षं असलेल्या आजोबांच्या राघूलाही कायद्यात वेगळी सूट नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला. २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, नव्याने मांडल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. आधी चौथ्या अनुसूचीत असलेला पोपट आता दुसरीत आहे. मोठ्या चोचीचा, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा तोईया, मुनिया आणि साळुंकी यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. बोलणारी पहाडी मैना तर पहिल्या अनुसूचीत आहे. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कैदच किमान तीन वर्षांची, कमाल सात, आणि दंड किमान २५ हजार. चांदणी कासवही याच पहिल्या यादीत येतं. वास्तुशास्त्राच्या नावाखाली ते घरात आणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

कायदा इतका कडक का, हे पिल्लं कुठून येतात ते पाहिलं की कळतं. पोपट साधारण जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पिल्लं डोळे उघडून पंख फुटायच्या बेतात आली की ढोलीत हात घालून, कधी ढोलीचं तोंड फोडून, सगळी एकदम काढली जातात. फोडलेली ढोली पुढच्या वर्षी कामाची राहत नाही. पोपट स्वतः झाड कोरत नाही, तांबट-सुतारांनी कोरलेल्या किंवा खोड कुजून झालेल्या ढोल्याच तो वापरतो. शहरात जुनी झाडं कमी, म्हणून ढोल्याही कमी. काढलेल्या पिल्लांतली बरीचशी टोपलीत, पिशवीत, उन्हात मरतात. पिंजऱ्यात दिसतं ते वाचलेलं एक.

घरात आधीच हिरवा पोपट असेल तर सर्वांत मोठी चूक म्हणजे एका सकाळी गॅलरीत पिंजरा उघडून "जा बाबा" म्हणणं. पेरू-मिरची आयती मिळालेल्या पक्ष्याला झाडावर अन्न शोधता येत नाही. उडण्याचे स्नायू कमकुवत झालेले असतात आणि पहिल्या दहा मिनिटांत कावळे मागे लागतात. पंखांची पिसं कापलेली असतील तर झड होऊन नवी येईपर्यंत त्याला नीट उडताच येत नाही, आणि त्याला अनेक महिने लागतात. त्यामुळे वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, पक्षी स्वतःहून सुपूर्द करायचा आहे असं स्पष्ट सांगा आणि दिल्याची पोच मागून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला आणि पुण्यात बावधनला वन्यजीवांसाठी उपचार केंद्रं आहेत. अशा ठिकाणी पक्ष्याला इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत ठेवून उडायला लावतात आणि त्याला ते जमेल तेव्हाच सोडतात.

खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर ते घरी आणू नका. अंगावर पिसं नसतील आणि ढोली दिसत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिसं फुटलेलं असेल तर जवळच्या फांदीवर बसवून मांजरापासून लांब ठेवा आणि दुरून बघा. चोच उघडून पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू गुदमरतं.

कायद्याने चालणारे पक्षी म्हणजे परदेशी जातींचे, पण त्यांतही दोन गट आहेत. बजरीगर, कॉकाटील आणि पीच रंगाच्या चेहऱ्याचा लव्हबर्ड हे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साईट्स (CITES) कराराच्या यादीत नाहीत. त्यांची नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कॉन्युअर, काकाकुवा मात्र त्या यादीत आहेत आणि त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. नियम २८ फेब्रुवारी २०२४ चे. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, आणि तो जातो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. फसगत लव्हबर्डमध्ये होते. डोळ्याभोवती पांढरी कडा असलेला फिशर जातीचा लव्हबर्ड साईट्स यादीत आहे, पीच-चेहऱ्याचा नाही, आणि दुकानदार दोघांनाही नुसतं लव्हबर्ड म्हणतो.

दुकानात गेल्यावर नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीशिवाय असं दुकान चालवता येत नाही. पावतीवर जात, संख्या, तारीख लिहून घ्या. पायात अखंड कडी आहे का पाहा. ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच घालता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात जात नाही. ती असेल तर पक्षी बंदिवासात जन्मल्याचा तो बराच भरवशाचा पुरावा. जोडून बंद केलेली किंवा चिमट्याने दाबलेली कडी त्या कामाची नाही. रस्त्याकडेला हिरव्या-गुलाबी रंगात रंगवलेल्या छोट्या चिमण्या विकतात, त्या बहुधा मुनिया असतात.

पिंजरा लहान असणं हीही क्रूरता आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६०, कलम ११ मध्ये हालचालीला पुरेशी जागा न देणं गुन्हा ठरतं. बजरीगरच्या जोडीला पिंजरा निदान अडीच फूट लांब घ्या, उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण ते आडवे उडतात. गजांतलं अंतर १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. नुसते सूर्यफुलाचे दाणे दिले की यकृतात चरबी साठते आणि जीवनसत्त्व अ कमी पडतं. राळा, बाजरी, कोथिंबीर, किसलेलं गाजर द्या. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट कधीही नाही.

आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात आणि घरातल्या माणसांना वासही येत नाही. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल यांचा धूरही त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही.