३८१ चा आकडा

गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून मी वॉशिंग मशीनखाली टॉर्च मारत होतो. शोधत होतो ती तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग. गिअर उलटे फिरू न देणारा एक खटका असतो, त्याची. खेळायच्या बंदुकीच्या गिअरबॉक्सचं झाकण उचललं की ती उडते, हे निदान पाच व्हिडिओंत बघितलं होतं. तरी उडालीच.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. महिन्यातून एका रविवारी ऑफिसातल्या मुलांबरोबर मी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्यांची लुटुपुटुची लढाई, खेळायला जातो. माझी बंदूक एम-फोर रायफलची नक्कल, सेकंडहँड, बॅटरीवर चालणारी. दिसायला बंदूक, पण आत उघडून बघाल तर शिवणयंत्राची नातेवाईक. मोटर तीन गिअर फिरवते, गिअर पिस्टन मागे ओढतात, दात संपले की स्प्रिंग पिस्टनला पुढे हाणते आणि त्या हवेने सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी बाहेर पडते. आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं तर म्हणाली, "दिवाळीत केपांची बंदूकसुद्धा दुसऱ्या दिवशी खोलून बसायचास. परत कधी जोडली होतीस का?"

माझ्या बंदुकीची तक्रार अशी की गोळी कधी लांब जायची, कधी मध्येच मान टाकायची. क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, आकडे यायचे ३१८, २९७, ३२५, ३०४ फूट प्रति सेकंद. एवढा फरक म्हणजे हवा कुठेतरी गळते आहे. म्हणून नवीन पिस्टन हेड, नवीन नोझल, ६.०३ मिलिमीटरची आतली नळी, हॉप-अपचं, म्हणजे गोळीला उलटी फिरकी देऊन लांब नेणाऱ्या भागाचं, नवीन रबर आणि जोडीला एम-११० स्प्रिंग असा सगळा बाजार मागवला. स्प्रिंगच्या नावातला आकडा म्हणजे ०.२० ग्रॅमच्या गोळीचा अंदाजे वेग, मीटर प्रति सेकंदात. साधारण ३६० फूट. हवा थोडी गळणारच, मग एक पायरी वरची घेतलेली बरी, असा माझा हिशोब.

गळती तपासायची सोपी युक्ती आहे. सिलिंडरला नोझल लावायचं, तोंडावर बोट दाबायचं आणि मागून पिस्टन ढकलायचा. सायकलच्या पंपाचं तोंड बंद केल्यावर दांडा अडतो, तसा अडला पाहिजे. माझा सावकाश सरकत होता. सिलिंडर हेडला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली आणि दांडा ठाम उभा राहिला. त्या क्षणी इतका खूश झालो की हॉप-अपचं रबर घाईत कसंतरी बसवलं. ते पुढे भोवलं.

गिअरांखाली चकत्या लावायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. घट्ट झालं की गिअर अडतात, सैल झालं की दात खातात. पहिल्यांदा बॅटरी जोडून ट्रिगर दाबला तेव्हा आतून बायकोचा आवाज, "अरे, गॅरेजमध्ये मिक्सर कशाला लावलायस?" तेवढ्यात कळलं काय ते. परत खोललं, एक ०.१ मिलिमीटरची चकती काढली.

मग खरी चाचणी. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी रजई कोंबली, डोळ्यांवर चष्मा, हॉप-अप शून्यावर, मॅगझिनमध्ये ०.२० च्या गोळ्या. ३७९. ३८३. ३८१. ३८१.

आकडे इतके जवळजवळ की आधी आनंदच झाला. मग गणित केलं. ३८१ फूट म्हणजे ११६ मीटर, म्हणजे १.३५ ज्यूल ऊर्जा. इथे २०१७ च्या कायद्यात ऑटोमॅटिक एअरसॉफ्टला मर्यादा आहे १.३ ज्यूल. त्यावर गेली की कायद्याच्या लेखी ती एअरसॉफ्ट राहतच नाही. आधी यंत्रावर संशय घेतला, मग बॅटरीवर, गोळ्यांचा डबा बदलून पाहिला. ३८२. गळती बंद झाली होती आणि स्प्रिंग मात्र गळतीच्या हिशोबाने आणली होती. बॅटरी काढली, दार आतून लावलं आणि त्याच रात्री गिअरबॉक्स उघडला. ती इवलीशी स्प्रिंग या खेपेला अंगठ्याखाली धरून.

एम-१०० घातल्यावर दहा गोळ्या ३३८ ते ३४२ मध्ये आल्या, १.०७ ज्यूल. एवढ्यावर थांबू नये. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, हवा तिला जास्त वेळ ढकलते आणि ज्यूल चढू शकतात. म्हणून खेळात वापरतो ती ०.२८ ची गोळी, हॉप-अप लावून, पुन्हा मोजली. २९० फूट, १.०९ ज्यूल. मैदानांवर अशा बंदुकांना सहसा ३५० फूट चालतात, म्हणजे १.१४. बसलं.

रविवारी मैदानावरच्या क्रोनोने ३४४ दाखवले. यंत्रायंत्रात एवढा फरक पडतो, म्हणून घरी काठावर आणून ठेवू नये. मार्शलने, म्हणजे तिथल्या पंचाने, पास झाल्याची खूण म्हणून बंदुकीला हिरवी केबल टाय बांधली आणि मी थाटात टार्गेटपाशी गेलो. गोळी चाळीस मीटर सरळ जाऊन शेवटी उजवीकडे वळायची. प्रत्येक गोळी, त्याच जागी. घाईत बसवलेलं ते रबर तिरकं होतं.

नशिबाने त्याला गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. एक पिन काढली की पुढचा भाग वेगळा होतो. डिकीत टॉवेल पसरला, रबराची रेघ नळीच्या खाचेवर आणली, जोडलं आणि केबल टाय स्वतःच कापून परत क्रोनोच्या रांगेत उभा राहिलो. मार्शलने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. ३४१. आता गोळी सरळ. तोवर दोन गेम संपले होते. तिसऱ्यात उतरलो आणि मिनिटभरात बाद झालो. मागून.