आमची वाटचाल : भिंत न फोडता

पॉकेट डोअर, म्हणजे भिंतीतल्या पोकळीत सरकून जाणारे दरवाजे, बसवायचा आणि दुरुस्त करायचा धंदा सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि तात्या. तात्या मूळचे सुतार, वयानं माझ्या वडिलांएवढे. पॉकेट डोअर अडकलं की बाकीचे मिस्त्री आधी छिन्नी-हातोडा काढायचे. तात्या टॉर्च, छोटा आरसा आणि स्वतः ग्राइंडरवर घासून पातळ केलेला पाना काढायचे. दरवाजाच्या डोक्याशी जी जेमतेम फट असते, तिथं साधा पाना शिरतच नाही. तो पाना आजही आमच्या पेटीत वरच्या कप्प्यात आहे.

त्यांनी मला पहिल्यांदा फट वाचायला शिकवलं. बंद केलेला दरवाजा चौकटीला वर टेकतो आणि खाली फट राहते, म्हणजे पुढचा हँगर (दरवाजा वरच्या ट्रॅकला टांगणारा, रोलर म्हणजे चाकं असलेला भाग) उतरलाय. खाली पाचर देऊन वजन उचलायचं, नट पाव-पाव फेरा फिरवायचा, दर वेळी दरवाजा सरकवून बघायचा. शेवटी लॉकनट आवळायला विसरलात तर महिन्याभरात पुन्हा तेच.

सहाव्या वर्षी एका इमारतीतल्या चाळीस दरवाजांचं काम मिळालं. दरवाजे सुरेख चालत होते. मग स्कर्टिंगवाले, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी लावणारे, येऊन गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. ठेकेदार म्हणाला, "तुमचे रोलर हलके." बिल अडवलं. आमच्याकडेच हात बसलेला एक मुलगा तेव्हा दुसऱ्या फर्ममध्ये होता. त्या फर्मनं ट्रॅक बदलायचा सल्ला दिला आणि भिंती फोडायचं काम घेतलं.

तात्यांनी ठेकेदारासमोर एक दरवाजा उतरवला. चौकटीची एका बाजूची पट्टी काढली, हँगरची खिटी सोडवली, दरवाजा तिरका करून बाहेर घेतला. त्यावर जमिनीपासून चार बोटं उंचीवर लांबच लांब आडवा ओरखडा. रोलर गेला तर दरवाजा खालच्या कडेला घासतो, असा ओरखडा उठत नाही. स्कर्टिंगचे लांब स्क्रू भिंतीच्या बोर्डातून आरपार पॉकेटमध्ये, म्हणजे दरवाजाच्या पोकळीत, उतरले होते. त्यानं डोळ्यांनी पाहिलं, तरी पैसे दिले नाहीत. ते मी अजून विसरलेलो नाही.

मशिनं विकली, दोन पोरांना घरी पाठवलं. त्या दिवसांत एका शाळेतल्या बाईंनी, काही बिघडलेलं नसताना, घरातले तिन्ही दरवाजे साफ करायला आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, "माझा नातू एका बोटानं दरवाजा सरकवतो. मला दुसरा पुरावा नको." पुढचं वर्षभर त्यांच्या ओळखीच्या घरांवर आम्ही तगलो.

त्यानंतरची वर्षं नीट गेली.

पॉकेटच्या भिंतीवर स्कर्टिंग गोंदानंच चिकटवा. फोटोफ्रेम टांगायला खिळा मारण्याआधी बोर्ड किती जाडीचा आहे ते मोजा. आणि ट्रॅकमध्ये तेल ओतू नका, त्यावर धूळ आणि केस चिकटून रोलर जाम होतो. आधी व्हॅक्युमनं साफ करा, मग सिलिकॉन स्प्रेचा हलका हात.

त्या इमारतीत नवे ट्रॅक बसले, भिंती बुजवल्या आणि स्कर्टिंग पुन्हा त्याच स्क्रूंनी ठोकलं. दरवाजे पुन्हा अडकले. तिथले लोक आता थेट आम्हाला फोन करतात. आतापर्यंत सतरा दरवाजे आम्ही नुसते स्क्रू काढून मोकळे केले आहेत. एकाही भिंतीला छिन्नी लावलेली नाही.