जुनापाणीचे दगड

आज भाच्याला घेऊन नागपूरजवळ काटोल रोडवरच्या जुनापाणीला गेलो. शिळावर्तुळं म्हटल्यावर त्याच्या डोक्यात इंग्लंडातलं स्टोनहेंज! इथे पाहतो तर गोल मांडलेले ठेंगणे काळे दगड आणि मधे गोटे-मातीचा उंचवटा. "मामा, एवढंच?" पोट्टं पार हिरमुसलं.

मग त्याला खळगे दाखवले. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, चक्क रांगेत. रिवेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि युरोपातल्या तशाच खुणांशी तुलनाही केली. वर्तुळांखाली काय, ते उत्खननांतून कळलंय: लोहयुगातली दफनं, लोखंडी हत्यारं, मडकी. जवळच्या माहुरझरीत तर दागिने घातलेला घोडा पुरलेला निघाला. पण खळगे कशासाठी? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांच्या दिशा तपासून आकाशाशी नातं सुचवलंय. सुचवलंय, सिद्ध झालेलं नाही. मला ते खरं असावं असं फार वाटतं, म्हणूनच जरा सावध राहतो.

आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे, तो स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच नादात गेला बाप्पा. सप्टेंबर १८६३, टाकळघाटची वर्तुळं पाहून परत येताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात बुडाला. भाच्याला दगडांपेक्षा ही गोष्ट जास्त भावली. आता टाकळघाटला कधी नेता, म्हणून मागे लागलाय. पाऊस नसताना जाऊ म्हटलं.